हेरातच्या बादलीवरचा दुवा

बादली जेमतेम वीतभर उंचीची. पोट गोल, खाली बैठक, वर उचलायला कडी. आकार पाहिला तर आपल्याकडच्या जुन्या पितळी बादलीची धाकटी बहीण वाटावी. पण जवळ गेलं की लक्षात येतं, या भांड्याच्या अंगावर बोटभरसुद्धा जागा मोकळी सोडलेली नाही. चांदीच्या आणि तांब्याच्या बारीक तुकड्यांनी अख्खं पोट भरलं आहे. एकाखाली एक पाच पट्टे. कुठे घोडेस्वार शिकारीला निघाले आहेत, कुठे मैफल बसली आहे, वाद्यं वाजताहेत, पेले फिरताहेत, दोघं सोंगट्यांचा पट मांडून बसले आहेत. आणि या चित्रांच्या अधल्यामधल्या पट्ट्यांत आहेत अक्षरं.

ही बादली आज रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बुखाऱ्यात विकत घेतली गेली आणि काउंट बोब्रिन्स्की यांच्या संग्रहात आली. म्हणून जगभरचे अभ्यासक तिला बोब्रिन्स्की बादली म्हणतात. मला हे नाव खटकतं. कारण तिच्यावर तिची स्वतःची माणसं नावानिशी कोरलेली आहेत, आणि तीही एक नव्हे, चार.

काठावरचा मजकूर फारसीत आहे. त्याचा सारांश असा : हे काम अब्दुर रहमान बिन अब्दुल्ला रशीदी याने करायला सांगितलं, मुहम्मद बिन अब्दुल वाहिद याने ते घडवलं, मसूद बिन अहमद या हेरातच्या नक्काशाने ते सजवलं, आणि ते आहे ख्वाजा रशीदुद्दीन अझीझी झंजानी याच्यासाठी. कडीवर तारीख आहे, मुहर्रम ५५९ हिजरी, म्हणजे डिसेंबर ११६३. सांगणारा कोण, घडवणारा कोण, मढवणारा कोण, धनी कोण आणि केव्हा, एवढं सगळं एका भांड्यावर. लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून घ्यायची सवय असलेल्या आपल्या माणसांना यात परकं काही वाटणार नाही.

आणि शब्दही परके नाहीत. घडवण्यासाठी त्या काठावर ‘जर्ब’ असा शब्द आहे, म्हणजे घाव, ठोका. आपण धाकाच्या अर्थाने ‘जरब’ म्हणतो तो हाच. सजवण्याच्या कामाला ‘अमल’, आपला ‘अंमल’. मसूदच्या नावापुढचा ‘नक्काश’ आपल्या नक्षीचा आणि नकाशाचा सख्खा भाऊ. करवून घेणाऱ्याने या कामाला ‘खिदमत’ म्हटलं आहे. खालच्या पट्ट्यांत अरबी भाषेत शुभेच्छांची माळ ओवली आहे : इज्ज, इकबाल, दौला, सलामा… मान, भाग्य, दौलत, सलामती. अशा माळांत पुढे बरका येते, बका येते. बरका म्हणजे बरकत. बका म्हणजे टिकून राहणं. हिशेबातली आपली ‘बाकी’ याच धातूतून आलेली. आणि शेवटी ‘लि-साहिबिही’, म्हणजे याच्या साहिबाला, याच्या धन्याला. साडेआठशे वर्षांपूर्वी हेरातेत कोरलेल्या या ओळीतले निम्मे शब्द आपण सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात घोळवतो.

पण हा धनी कोण? राजा नाही, सुभेदार नाही, अमीरही नाही. झंजानचा एक व्यापारी. त्याच्या नावाआधी उपाध्यांची रांग लावली आहे : धर्माचा आधारस्तंभ, व्यापाऱ्यांचं भूषण, मुसलमानांचा विश्वासू, हजयात्रेची आणि दोन्ही पवित्र स्थळांची शोभा. दरबारात सरदारांना मिळावेत तसे किताब इथे बाजारातल्या माणसाला लावले आहेत. रिचर्ड एटिंगहाउसेन या अभ्यासकाने १९४३ साली या बादलीवर मोठा लेख लिहिला, तेव्हा त्यालाही हेच महत्त्वाचं वाटलं होतं : एवढं उंची काम करवून घेणारा ग्राहक व्यापारी वर्गातला आहे. काम सांगणारा अब्दुर रहमान स्वतःला रशीदी म्हणवतो, त्यावरून तो या रशीदुद्दीनच्याच पदरचा माणूस असावा. मालकाला नजर करायची वस्तू म्हणून त्याने ही बादली बनवून घेतली. अशा बादल्या हमामात पाणी न्यायला वापरत, असं बहुतेकांचं मत आहे. म्हणजे ही वस्तू स्नानाला जाताना नोकराच्या हातात दिसायची, चारचौघांत.

आता काळ पाहा. दहाच वर्षांपूर्वी, ११५३ साली, खुरासानचा सेल्जुक सुलतान संजर ओघुझ तुर्कांच्या हाती कैद झाला होता. मर्व आणि निशापूर ही दोन मोठी शहरं लुटली गेली. संजर कैदेतून सुटला खरा, पण ११५७ मध्ये वारला, आणि त्याच्यामागे खुरासानात एकछत्री सत्ता उरली नाही. ज्याच्या हाती तलवार तो गावाचा मालक, अशी स्थिती. इतिहासाच्या पुस्तकांत हा काळ पडझडीचा म्हणून दोन परिच्छेदांत संपतो. आणि नेमक्या याच काळात खुरासानातल्याच हेरातच्या कारागिरांनी धातूकामाचा एक नवा बहर आणला. जडावाचं तारीख घातलेलं जुन्यात जुनं खुरासानी काम, एक कलमदान, ११४८ सालचं आहे, तेही हर्मिटाजमध्येच. त्यानंतर पंधरा वर्षांत ही बादली. दरबार कोसळत असताना बाजार उभा होता, असंच म्हणावं लागतं. हेरातवरून जाणारे रस्ते निशापूरकडे, मर्वकडे, बल्खकडे, घझनीकडे फुटत होते आणि त्या रस्त्यांवर रशीदुद्दीनसारखी माणसं होती.

भांडी चांदीचीच का केली नाहीत, हा प्रश्न जुना आहे. त्याचं एक उत्तर धर्माचं : सोन्याचांदीच्या भांड्यांतून खाणंपिणं हदीसमध्ये निषिद्ध मानलं आहे. पण हा निषेध आधीच्या शतकांतही होता आणि तरी श्रीमंत घरांत चांदीची भांडी होतीच. दुसरं उत्तर अर्थव्यवहाराचं. हिंदुकुशातल्या पंजशीरच्या खाणींनी नवव्या-दहाव्या शतकांत भरपूर चांदी दिली. अकराव्या शतकापासून पूर्वेकडच्या इस्लामी मुलखात चांदीचा तुटवडा पडला, नाण्यांतली चांदी हिणकस होत गेली. मग अख्खं भांडं चांदीचं करण्याऐवजी पितळेत चांदी जडवायची, थोडक्यात डोळे दिपवायचे. हे पटण्यासारखं आहे. पण माझ्या मते तेवढंच पुरेसं नाही. काटकसर म्हणून केलेलं काम काटकसरीचं दिसतं. हेरातच्या भांड्यांवर काटकसर कुठेच दिसत नाही. तिथे दिसते ती हातातली धमक, आणि ग्राहकाला कौतुक आहे हे ठाऊक असल्याचा आनंद.

काम कसं चाले ते सांगतो. पितळ हे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, पण त्या काळी इराणात सुटं जस्त मिळत नसे. जस्ताच्या खनिजाची भट्टीत वाफ काढून तिची भुकटी जमवत, तिला तूतिया म्हणत. किरमान भागातल्या कुहबनान गावी ती कशी करतात हे पुढे तेराव्या शतकात मार्को पोलोने लिहून ठेवलं आहे. ही भुकटी आणि कोळसा तांब्याबरोबर बंद मुशीत तापवला की तांब्यात जस्त मुरतं आणि पितळ होतं. मग भांडं ओतायचं, नाहीतर पत्रा मठारून काढायचा. हेरातच्या उंच झाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या. एकाच पत्र्यातून ठोकून ठोकून पोट काढायचं, त्याला उभ्या पन्हळी द्यायच्या, आणि त्याच पत्र्यातून आतून ठोकून खांद्यावर पक्ष्यांची आणि मानेशी सिंहांची रांग उठवायची. पत्रा कुठे फाटला की सगळी मेहनत वाया. आपल्या तांबटाला हे काम दाखवलं तर तो पहिल्यांदा भांडं उलटं करून सांधा शोधेल.

जडाव त्यानंतर. आधी अणकुचीदार छिन्नीने आकृतीची रेघ काढायची. मग आकृतीच्या आतली जागा किंचित खोल करायची, आणि कडेला छिन्नी तिरपी धरून धातू आतून पोखरायचा, म्हणजे खोबणीला ओठ तयार होतो. त्यात चांदीचा पातळ पत्रा त्याच आकाराचा कापून बसवायचा आणि हातोडीने ओठ त्याच्यावर दाबायचे. डाक नाही, रस नाही. धातूने धातूला दातांत धरायचं. बारीक रेघेसाठी तार. शेवटी बसलेल्या चांदीवर पुन्हा कोरणी : घोड्याचा डोळा, अंगरख्याची चुणी, बाईच्या हातातल्या चंग या वाद्याच्या तारा. मोकळ्या जमिनीत डांबरासारखं काळं भरायचं. लालसर तांबं, पांढरी चांदी, पिवळं पितळ, काळी जमीन. आज संग्रहालयातल्या काचेआड यांतले अर्धेअधिक रंग मावळलेले असतात. चांदीचे पत्रे निसटून गेलेले, काळं झडलेलं, आणि मागे उरलेल्या खोबणीत छिन्नीच्या टोचा तेवढ्या दिसतात. मला त्या टोचा फार आवडतात. झाकली जाणार म्हणून जी जागा कुणी पाहणारच नव्हतं तिथे कारागिराचा हात उघडा पडलेला असतो.

आणि आता अक्षरं. अरबी लिपीत अलिफ आणि लाम ही अक्षरं उभ्या काठीसारखी असतात. कुफी वळणात या काठ्या ताठ, टोकदार. नक्काशांनी त्यांच्या एकमेकींत गाठी मारल्या, वेण्या घातल्या, टोकाला पानं फुटवली. बोब्रिन्स्की बादलीच्या मधल्या पट्ट्यात अशी गाठींची कुफी आहे. पण वरच्या आणि खालच्या पट्ट्यांत मसूदने जे केलं ते त्याआधीच्या तारीख असलेल्या कुठल्याही भांड्यावर सापडत नाही. त्याने काठीच्या टोकाला माणसाचं डोकं बसवलं. वरच्या पट्ट्यात तर अक्षरांचा वरचा भाग माणसांचा आणि खालचा जनावरांचा झाला आहे. एक अलिफ दुसऱ्या अलिफकडे तोंड करून उभा. शुभेच्छेतला शब्दन् शब्द माणूस झाला आहे. ‘सलामती’ असं नुसतं लिहिलेलं नाही. ती पाच-सहा चेहऱ्यांची मंडळी होऊन आपल्याकडे पाहते आहे.

हे त्याने का केलं असेल, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. ग्रहांचा, राशींचा संबंध जोडला. अक्षरातल्या दुव्याला बळ यावं म्हणून त्याला देह दिला, असंही म्हटलं गेलं. मला एवढंच दिसतं की वाचता येणाऱ्याची आणि न येणाऱ्याची त्याने सारखीच सोय केली. ज्याला अरबी येत नाही त्यालाही हा मजकूर आपल्याशी बोलतोय असं वाटावं. शिवाय नक्काशांना सगळ्यांना लिपी नीट येत होती असंही नाही. कित्येक भांड्यांवर जागा संपली म्हणून शब्द मधेच तुटलेला आहे, किंवा शुभेच्छांची माळ सुरुवातीपासून पुन्हा सुरू झाली आहे. तिथे अक्षर हे चित्र म्हणूनच उतरवलेलं असतं. त्याला चूक म्हणायला माझं मन होत नाही. जप करताना एखादा मणी मागेपुढे झाला म्हणून जप बुडत नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत ही कल्पना पार टोकाला गेली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड संग्रहालयात वेड कप नावाचा एक पेला आहे, साधारण १२०० ते १२२० च्या दरम्यानचा. तिथे अक्षराला नुसतं डोकं नाही. अख्खं अक्षरच माणूस आहे. कुणी नाचतो, कुणी पेला उचलतो, कुणी तलवार परजतो, आणि हे सगळे हातपाय मिळून वाक्य होतं. पाहणाऱ्याला ती मैफल वाटते, मजकूर वाटतच नाही. डेव्हिड स्टॉर्म राइस या अभ्यासकाने १९५५ मध्ये एकेक आकृती सोडवून तो वाचला. एवढ्या खटाटोपानंतर निघाले ते तेच जुने शब्द : मान, भाग्य, दौलत, सलामती… याच्या साहिबाला.

दरम्यान ११७५ च्या सुमारास हेरात घोरींच्या ताब्यात गेलं. आपल्याला माहीत असलेल्या शहाबुद्दीन घोरीचा थोरला भाऊ गियासुद्दीन हा तिथला सुलतान. शहराचं तेज वाढलं आणि कारागिरांचा ताठाही. जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी इथल्या संग्रहालयात ५७७ हिजरीची, म्हणजे ११८१-८२ ची एक झारी आहे. ती महमूद बिन मुहम्मद हेराती याने घडवली. तिच्यावर त्याने शुभेच्छांच्या जोडीला एक फारसी कविता कोरली आहे, आणि ती कविता दुसऱ्या कशावर नाही, त्या झारीवरच आहे. माझ्या झारीसारखी झारी कुठे असेल तर दाखवा. हेरातखेरीज कुठल्या गावात असं काम होतं? जो यात एवढी चांदी ओततो त्या हाताचं भलं होवो, अशा अर्थाचं तिचं बोलणं. हा कारागीर स्वतःच्या भांड्यासमोर उभा राहून बोलतो. शतकानुशतकं असंख्य कारागीर नाव न सांगता गेले. त्यांच्यात हा एकजण असा मोकळा बोलला याचं मला अपार अप्रूप वाटतं. आणि त्याचा दावा पोकळ नव्हता. तेराव्या शतकात झकरिया कझविनी याने देशोदेशींच्या शहरांची माहिती लिहिली, त्यात हेरातची खूण म्हणून चांदी जडवलेल्या पितळी भांड्यांचा उल्लेख आहे.

त्या झारीनंतर तीसेक वर्षांनी झालेलं एक कलमदान वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. ते शाझी नक्काशाने ६०७ हिजरीत, म्हणजे १२१०-११ मध्ये केलं. यावर धन्याचं नाव आहे : मज्दुलमुल्क अल-मुझफ्फर. त्याच्या बिरुदांच्या अक्षरांतूनही डोकी डोकावतात. अभ्यासक याला ख्वारझ्मशाह या सुलतानाचा मर्व इथला कारभारी मानतात. कलमदान म्हणजे त्या काळी कारभाऱ्याच्या अधिकाराचं चिन्हच. आपल्याकडेही चिटणिसाला कलमदान देणं म्हणजे पद देणं होतं. फेब्रुवारी १२२१ मध्ये चंगीझखानाचा मुलगा तुलुई मर्वच्या तटाखाली आला. कारभाऱ्याने शहर स्वाधीन केलं. त्यानंतर तिथे जी कत्तल झाली तिच्या हकिकती इतिहासकारांनी लिहून ठेवल्या आहेत. मी इथे त्या पुन्हा सांगत नाही. हेरातने आधी शरणागती पत्करली, मग बंड केलं, आणि १२२२ मध्ये तेही शहर उद्ध्वस्त झालं. मंगोल कसबी माणसं वेगळी काढून नेत. हेरातच्या विणकरांना त्यांनी दूर पूर्वेला बेशबालिकला नेलं. अमुक साली हेरातेत केलं असं अभिमानाने सांगणारी पितळी भांडी यानंतर थांबतात.

मग हेच काम पश्चिमेला, इराकातल्या मोसुलमध्ये, फुललं. तिथला सर्वांत प्रसिद्ध नमुना १२३२ ची ब्लाकास झारी, शुजा बिन मना मोसुली याची. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हेरातहून पळालेल्या कारागिरांनीच मोसुलला ही विद्या नेली, असं सरसकट म्हणण्याचा मोह होतो. पण मोसुलच्या कारागिराची एक डबी १२२० ची आहे, म्हणजे हेरात पडण्याच्या आधीची. वस्तू आणि माणसं त्याआधीही त्या रस्त्यांवरून ये-जा करतच होती. रशीदुद्दीनचं झंजान तर हेरात आणि मोसुल यांच्या मधल्याच टप्प्यात येतं.

झंजानला लागून गिलान. तिथला एक व्यापारी पंधराव्या शतकात दख्खनमध्ये आला, बिदरच्या बहमनी राज्याचा वजीर झाला आणि ‘मलिक-उत्-तुज्जार’, व्यापाऱ्यांचा मुख्य, हा किताब लावू लागला. तोच महमूद गावान. विशाळगड म्हणजे तेव्हाचा खेळणा आणि गोवा त्याने जिंकले, म्हणून मराठी वाचकाला तो ठाऊक आहे. बिदरमध्ये त्याने १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाच्या भिंतीवर अजून रंगीत फरश्यांची अक्षरं शिल्लक आहेत. बादलीवरचं ‘व्यापाऱ्यांचं भूषण’ आणि दख्खनचा ‘व्यापाऱ्यांचा मुख्य’ यांच्यात तीन शतकं आहेत, पण बोली एकाच बाजारपेठेची आहे. बिदरी काम इराणी कारागिरांनी आणलं असं परंपरा सांगते. तिथे धातू पितळ नाही, जस्त आहे, आणि आपल्याला दिसणारे जुने नमुने पुष्कळ नंतरचे. त्यामुळे हेरातपासून बिदरपर्यंत सरळ रेघ ओढणं मला पटत नाही. मात्र बिदरी कारागीर चांदी बसवण्याआधी छिन्नी तिरपी धरून खोबणीची कड पोखरतो, तेव्हा त्याच्या मनगटाचं वळण मसूदच्या कामाशेजारी ठेवून पाहावं असं वाटतं.

हेरातच्या बाजारात विकायला मांडलेल्या बहुतेक भांड्यांवर कुणाचंच नाव नव्हतं. गिऱ्हाईक अजून आलेलं नसे, आणि दुवा आधीच कोरलेला असे. विकत घेणारा पैसे मोजी आणि त्या क्षणी तो साहिब होई. बोब्रिन्स्की बादली तशी नाही. तिच्या काठावर रशीदुद्दीनचं नाव बिरुदांसकट पक्कं आहे. पण काठाच्या खाली, चेहऱ्यांच्या अक्षरांत, मसूदने नेहमीचाच शब्द ठेवला : याच्या साहिबाला. रशीदुद्दीनच्या हातून ती पुढे गेली, हेरातहून बुखाऱ्याला पोचली, आणि सातशे वर्षांनी तिथे कुणी दाम मोजून ती उचलली, तेव्हा अक्षरांतली ती सगळी माणसं त्या नव्या धन्याकडेही तशीच तोंड करून उभी होती.